मॉसचे चार शब्द

मॉसने मला चार शब्द सांगितले आणि कंपनीच्या कागदावर मी त्यांच्या जागी माझे आठ शब्द लिहिले. ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबावे. पुढे जे आहे ते या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे. मला मात्र थांबता येत नाही. मागच्याच आठवड्यात आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या इतिवृत्तात, मी उभे राहून पाच मिनिटे मुद्देसूद मांडलेल्या हरकतीचे 'सभासदांनी सूचना केली' असे तीन शब्दांत वाटोळे केलेले मी वाचले आणि सचिवांना पत्र लिहायला बसलो. या वर्षातले ते अकरावे पत्र. माझ्या पाठीमागे मला पत्रमहर्षी म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. माझी मागणी एवढीच असते की मी जे बोललो ते लिहा, तुम्हाला जे कळले ते लिहू नका. ही मागणी करण्याचा अधिकार मी कसा मिळवला, आणि त्याची किंमत मी नव्हे तर आधी दुसऱ्याच एका माणसाने कशी भरली, ते या प्रकरणात लिहून ठेवतो आहे.

आयर्लंडला गेलो तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. या वयात माणसाची वाढ झालेली असते असा कायद्याचा समज आहे; माझ्या बाबतीत तो खोटा ठरला. माझे वडील सांगलीच्या न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार अडखळत, शिव्या गिळत, मराठीत जे सांगे त्याचे न्यायाधीश इंग्रजी करत आणि वडील ते टंकलिखित करत. पुढे पुढे न्यायाधीशांचे इंग्रजीही वडीलच मनातल्या मनात सुधारून घेत आणि याचा त्यांना मोठा अभिमान होता. "माणसाला बोलता येत नाही," ते म्हणत, "त्याला काय म्हणायचं होतं ते आपण लिहायचं." घरात कुणी 'फिलिम' म्हटले की ते हातातला घास ताटात ठेवत. "फिल्म. एल आणि एम यांच्या मध्ये कुणीही राहत नाही." असे निर्दोष इंग्रजी घेऊन मी ट्रलीच्या बाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका औषध कारखान्यात प्रक्रिया अभियंता म्हणून रुजू झालो, आणि पहिल्याच दिवशी कारखान्याचा सर्वोच्च व्यवस्थापक मला म्हणाला की सुरक्षिततेवरची एक छोटी फिलिम बघून घे.

कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. भीतीपोटी नाही; ज्यांना इथे उत्तर देता येणार नाही त्यांच्यावर छापील आरोप करू नये, हा नियम मी शत्रूंच्या बाबतीतही पाळतो.

मी आणि त्याच कारखान्यातला नागपूरचा शिरीष, असे दोघे नोराच्या घरी राहत होतो. नोरा साठीच्या पुढची विधवा. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून एक अजस्र लोखंडी शेगडी होती आणि तिच्यात दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा जळत. त्या धुराचा गोडसर, ओल्या पोत्यासारखा वास आमच्या स्वेटरांना, पासपोर्टांना, अगदी घरून आलेल्या मेतकुटालाही लागला होता. सकाळी रेडिओवर जिल्ह्यातल्या निधनवार्ता लागत आणि त्या संपेपर्यंत कुणी बोलायचे नाही अशी शिस्त होती. त्या वेळात फक्त सोडा घातलेल्या जाड तपकिरी पावावर सुरी चालल्याचा आवाज येई. शनिवारी शेगडी आमच्या ताब्यात असे. मोहरी तडतडली की नोरा दोन्ही खिडक्या उघडी आणि "श्टॉप, श्टॉप, सगळं गाव जेवायला येईल" म्हणून ओरडे. पण पहिली वाटी तिचीच असे. तिच्या घरात कपाटाला 'प्रेस' म्हणत, खोडकर मुलाला 'बोल्ड' म्हणत, आणि एखाद्या वस्तूचे नाव आठवले नाही की ती 'योक' असे. 'तर्टी-त्री' म्हणजे तेहतीस, हे कळायला मला एक आठवडा लागला. शिरीष चार महिन्यांत त्यांच्यासारखा बोलू लागला. "ग्रँड आहे रे, टेन्शन काय घेतोस," असे तो मलाही मराठीत सांगे. मला त्याची कीव येई. चांगले वीस हजार रुपये फी भरून शिकलेला माणूस असा बिघडावा!

नोरा रोज संध्याकाळी जिन्याखालून हाक मारी, "मुकी, आय'म आफ्टर मेकिंग द टी." मुकुंदचे मुकी तिनेच केले होते. मी वरून सभ्यपणे उत्तर देई, "सावकाश होऊ द्या," आणि वीस-पंचवीस मिनिटांनी खाली येई. टेबलावर पूर्ण निवलेला चहा असे. मला वाटे, इकडची पद्धत असावी. नऊ महिने मी तो गार चहा न कुरकुरता प्यालो. 'आफ्टर' म्हणजे मागे, हे मला सातवीपासून पाठ होते, आणि 'एखाद्या गोष्टीच्या मागे असणे' म्हणजे ती करायला निघणे, हे तर मराठीच सांगत होती. नोरा चहा करण्याच्या मागे आहे. शंका घेण्याजोगे त्यात काहीच नव्हते.

मॉस हा आमच्या विभागातला सर्वांत जुना कामगार. पन्नाशी उलटलेला, रुंद, डाव्या कानाने थोडा कमी ऐकणारा. ज्या भांड्यात औषधाचे मिश्रण होई ते प्रत्येक घाण्यानंतर धुण्याचे आणि नोंदवहीत वेळ टाकून सही करण्याचे काम त्याचे. त्याच्या नोंदी अचूक असत, पण इंग्रजी असे की माझा हात शिवशिवे. एके दिवशी मी लाल पेन काढून त्याच्या चार नोंदींचे व्याकरण सुधारले. त्याने वही उलटीसुलटी करून पाहिली.

"पेन हातात आला की तू भयंकर माणूस होतोस, मुकुंद," तो म्हणाला. कारखान्यात माझे पूर्ण नाव घेणारा तो एकटाच होता. "भांडं धुतलं, एवढं तरी बरोबर आहे ना?"

"अर्थ कळतो," मी म्हणालो.

"मग झालं की. भांड्याला व्याकरण येत नाही."

सगळे हसले. मी हसलो नाही.

घटना घडली ती मंगळवारी दुपारी. मी त्या मजल्यावरून जाताना घड्याळात दोन पंचवीस झाले होते. वेळ पाहण्याची मला सवय होती. मॉस हात पुसत उभा होता. मी विचारले, भांडे धुतले का? तो म्हणाला, "आय'म आफ्टर वॉशिंग इट." मी ऐकले: धुणार आहे. मी मान डोलावली आणि निघून गेलो. रात्रपाळीने त्या भांड्यात नवा घाणा भरला आणि बुधवारी प्रयोगशाळेला त्यात आधीच्या औषधाचा अंश सापडला. सबंध घाणा नष्ट करावा लागला. नोंदवहीत मॉसची सही होती: दोन दहाला धुऊन पूर्ण. मला लेखी निवेदन मागितले गेले. मी वडिलांचा मुलगा होतो. मॉसला काय म्हणायचे होते ते मी स्वच्छ इंग्रजीत लिहिले: दोन पंचवीसला त्याने सांगितले की भांडे धुण्याचा आपला इरादा आहे. इंग्रजीत बरोबर आठ शब्द. खाली सही.

ज्यांना औषध कारखान्याची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे चुकून सांडले, फुटले, बिघडले, तर माफी असते. खोट्या नोंदीला माफी नसते. दोन पंचवीसला जो माणूस 'धुणार आहे' म्हणतो त्याने दोन दहाची नोंद केली असेल, तर ती नोंद खोटी. आणि खोटी नोंद म्हणजे नोकरी संपली, शिवाय त्या जिल्ह्यात अशा कामावर त्याला पुन्हा कुणी घेणार नाही. मनुष्यबळ विभागाचा डेक्लन, डब्लिनचा, नेहमी ताज्या इस्त्रीतला, माझे निवेदन वाचून म्हणाला, "इतकं स्वच्छ इंग्रजी इथे कुणी लिहीत नाही." गुरुवारी मॉसला घरी पाठवले. त्याने डेक्लनला सांगितले की मी धुऊन झाल्यावरच त्या माणसाशी बोललो, तसे त्याला म्हणालोही. डेक्लनने माझा कागद पुढे केला. शब्दाविरुद्ध शब्द, आणि त्यांतला एक सहीनिशी. पुढच्या बुधवारी सुनावणी ठरली.

मला ती स्तुती आवडली होती. हे लिहिताना माझी मान खाली जाते, पण लिहितो.

रविवारी नोरा चर्चमधून आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली. मॉसची बायको तिला तिथे भेटली होती. मी आणि शिरीष उसळ-पाव खात होतो.

"मुकी," ती म्हणाली, "यू'र आफ्टर कॉस्टिंग मॉस हिज जॉब."

मी भडकलो. "मी कुणाच्याही नोकरीच्या मागे नाही! जे ऐकलं ते लिहिलं. त्याला घालवावं असा माझा काडीचाही हेतू नाही."

"हेतूचं कोण बोलतंय? तू घालवणार आहेस असं मी म्हणालेच नाही. घालवलीस म्हणाले. झालं ते."

"तुम्ही 'आफ्टर' म्हणालात."

"मग? आफ्टरच म्हणणार ना. करून बसलायस म्हणून."

शिरीषने चमचा खाली ठेवला. "मुकुंद, एक मिनिट. 'आफ्टर डूइंग'चा अर्थ तू काय समजतोस?"

"करायच्या मागे असणं. करणार असणं."

"अरे यार." त्याचा चेहरा उतरला. "उलटं आहे रे. आत्ताच केलं, नुकतंच करून झालं, असा अर्थ आहे. ही बाई रोज म्हणते, आफ्टर मेकिंग द टी!"

"म्हणजे तेव्हा चहा..."

"कपात असतो," नोरा म्हणाली. "ओतलेला. मला वाटायचं तुमच्याकडे गारच पितात. मी कुणाला विचारलंसुद्धा नाही, म्हटलं धर्माचं काही असेल."

एरवी या वाक्यावर आम्ही तिघेही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसले नाही. नोराने हळूहळू कोटाची बटणे काढली आणि विचारले, "मॉस तुला नक्की काय म्हणाला होता?" मी ते चार शब्द सांगितले. ते मला हुबेहूब आठवत होते, उच्चारासकट; हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. ऐकण्यात माझी चूक झालीच नव्हती. मी ऐकलेले टाकून दिले होते.

सोमवारी सकाळी मी माझ्या विभागप्रमुखाच्या, कॉनरच्या, खोलीत गेलो आणि सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, मग उठून दार लावले.

"समजा त्याने दोन दहाला धुतलं होतं," तो म्हणाला. "मग भांडं अस्वच्छ का राहिलं?"

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते. दोन महिन्यांपूर्वी धुण्याची वेळ चाळीस मिनिटांवरून पंचवीसवर आणली होती. ती कॉनरने आणवली होती आणि त्या कागदावर सही माझी होती. मॉस खोटा ठरला की तो कागद कुणी उघडणार नव्हते.

"तुझ्या वर्क परमिटच्या नूतनीकरणाचे कागद या टेबलावर आहेत," कॉनर अगदी मायेने म्हणाला. "मी काही म्हणत नाही. यू नो युअरसेल्फ." तुझे तुला कळतेच, हा त्याचा अर्थ. त्या देशात धमकी अशी, चहाबरोबर बिस्किट पुढे करावे तशी देतात.

मी तरीही म्हणालो, "माझी दुरुस्ती तुम्ही सुनावणीपुढे ठेवाल ना?"

"आय विल, याह," तो म्हणाला.

मी घरी आलो तो हलका होऊन. नोराला सांगितले की काम झाले, कॉनर स्वतः ठेवणार आहे. ती बटाटे सोलत होती. हात थांबवून तिने विचारले, "कसं म्हणाला?"

"म्हणजे?"

"जसं म्हणाला तसं म्हणून दाखव. सुरासकट."

मी म्हणून दाखवले: 'विल'वर किंचित ओढून, 'याह' खाली सोडून.

"मग नाही ठेवणार," ती म्हणाली आणि सुरी पुन्हा चालू केली. "असं म्हटलं की नाही असतं."

मी शिरीषकडे पाहिले. त्याने मान हलवली. "एकदम नाही, भाऊ. मेल्यावरसुद्धा नाही."

त्या क्षणी मला जो संताप आला तो आजतागायत पूर्ण उतरलेला नाही. कॉनरचा राग होताच, पण अधिक राग त्या स्वच्छ, इस्त्रीच्या इंग्रजीचा होता, ज्याच्या जोरावर मी लोकांच्या बोलण्यात लाल पेन घालत फिरत होतो आणि ज्याला 'हो' आणि 'नाही' यांतला फरकही कळत नव्हता. मंगळवारी मी माझ्या आयुष्यातले पहिले खरे पत्र लिहिले. तीन प्रती केल्या: एक डेक्लनला, एक कामगार संघटनेच्या प्रतिनिधीला, एक कॉनरला. तीन कलमे होती. पहिले, माझे निवेदन मी मागे घेतो, कारण त्यात मॉसचे शब्द नसून माझे आहेत. दुसरे, मॉसचे शब्द पुढीलप्रमाणे होते. आणि मग ते चार शब्द, अवतरणचिन्हांत. तिसरे, धुण्याची वेळ कमी करणाऱ्या कागदावर माझी सही आहे, तो कागद तपासावा. तिसऱ्या कलमाला शिरीषचा विरोध होता. "दोनवर थांब ना यार. ते कोणी मागितलंय का तुला?" मी थांबलो नाही. तिन्ही प्रती स्वतः नेऊन दिल्या आणि चौथ्या कोऱ्या कागदावर पोच घेतली. त्या पोचपावतीच्या वेळी डेक्लनची, त्याच्या मुलीच्या वयाची सचिव माझ्याकडे जशी पाहत होती, तशीच आमच्या सोसायटीचा व्यवस्थापक आजही पाहतो.

बुधवारी साडेदहाला मला आत बोलावले. लांब टेबलाच्या एका कडेला मॉस बसला होता. त्याने टाय घातला होता. गळ्याची कातडी कॉलरवरून लाल होऊन बाहेर आली होती. कॉनर खिडकीकडे पाहत होता. सचिव इतिवृत्त लिहीत होती.

डेक्लनने माझे पत्र वाचले. दुसऱ्या कलमापाशी तो थांबला. डब्लिनचा असला तरी तो आयरिश होता. त्या चार शब्दांचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागला नाही. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"म्हणजे आता तुझं म्हणणं असं," तो म्हणाला, "की त्याला धुऊन झालं आहे असं सांगायचं होतं?"

"त्याला काय सांगायचं होतं याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही," मी म्हणालो. "तो काय बोलला तेवढंच मी सांगू शकतो. ते लिहिलेलं आहे."

सचिवेचा पेन चालला. मी वाकून पाहिले: 'अभियंत्याने आपल्या निवेदनाचा खुलासा केला.'

"खुलासा नाही," मी म्हणालो. "मी निवेदन मागे घेतलं आहे. खोडा ते."

"तपशिलाचा प्रश्न आहे," कॉनर खिडकीकडे पाहतच पुटपुटला.

"एका तपशिलापायी हा माणूस इथे टाय घालून बसला आहे!" मी ओरडलो. सचिवेने डेक्लनकडे पाहिले. त्याने मान डोलावली आणि तिने ते वाक्य खोडले. संघटनेचा प्रतिनिधी म्हणाला की आता तिसरे कलमही वाचून दाखवावे.

मॉस त्याच आठवड्यात कामावर आला. धुण्याची वेळ पुन्हा चाळीस मिनिटे झाली. माझ्या फाइलला लेखी ताकीद लागली, कॉनरच्या नाही. आणि परमिट संपत आले तेव्हा कंपनीने नूतनीकरणाचा अर्ज केला नाही. यात बेकायदेशीर काही नव्हते, हे मी नंतर कायदा वाचून पडताळले. मला चार महिने मिळाले.

त्या चार महिन्यांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. मला वाटले होते, मॉस आभार मानेल, किंवा निदान एक सणसणीत शिवी देईल आणि मग सगळे मिटेल. पहिल्याच दिवशी मी मुद्दाम त्या मजल्यावर गेलो. तो शिरीषशी बोलत होता, नेहमीच्या त्या 'श्ट' आणि 'त्री'च्या भाषेत, कुठल्याशा गायीची आणि कुंपणाची काही गोष्ट सांगत होता, आणि शिरीष खिदळत होता. मला पाहून तो थांबला. ताठ उभा राहिला. मी विचारले, भांडे धुतले का?

मॉसने माझ्याकडे पाहिले. मग शाळेत उभे केलेल्या मुलासारखे, एकेक अक्षर वेगळे काढून, 'थ'चा उच्चार जीभ दातांत धरून अगदी माझ्यासारखा करत तो म्हणाला,

"द वेसल हॅज बीन थरोली वॉश्ड, सर."

एकही चूक नव्हती. पुढचे चार महिने, मी निघालो त्या दिवसापर्यंत, तो माझ्याशी याशिवाय दुसऱ्या इंग्रजीत एक शब्दही बोलला नाही.